अधिवेशन कुणी बोलवायचं? अनुच्छेद ८५ आणि एका खासगी विधेयकाचा अनुभव

संसदेचं अधिवेशन कधी भरवायचं, किती दिवस चालवायचं आणि कधी आवरतं घ्यायचं, हे संसद ठरवत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ८५ प्रमाणे राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना वेळोवेळी बोलावतात आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. म्हणजे तारखा ठरतात त्या मंत्रिमंडळाच्या समितीत. संविधानाची अट एकच आहे: एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडू द्यायचं नाही. ज्या सरकारला संसदेनं जाब विचारायचा, त्याच सरकारच्या कनवटीला संसदेच्या दाराची किल्ली आहे.

नागरिकशास्त्रात हे सगळेच शिकतात. मला त्याची खरी झळ लागली ती सतराव्या लोकसभेच्या काळात, महाराष्ट्रातल्या एका खासदारांकडे संसदीय साहाय्यक म्हणून काम करताना. माझं रोजचं काम प्रश्नांचं. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, तेही सोडतीनं. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो आणि नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच आमचा तक्ता तयार असायचा, कुठल्या वारी कुणाला काय विचारायचं याचा.

त्यात एक प्रश्न पीक विम्याचा होता. मतदारसंघातल्या शेतकऱ्यांनी नुकसान ७२ तासांच्या आत कळवलं होतं, पंचनामे झाले होते, तरी भरपाई अडली होती. आम्ही गावोगावच्या पावत्या गोळा केल्या. तालुकावार तक्ता केला. प्रश्नाचे पोटभाग असे पाडले की ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढ्यावर उत्तर संपवता येऊ नये. सोडतीत तो तारांकित म्हणून निघाला. म्हणजे मंत्री उभे राहून उत्तर देणार आणि साहेबांना पुरवणी प्रश्न विचारता येणार. तारीख होती अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यातली. अधिवेशन ठरल्या तारखेच्या आधीच संपवलं गेलं.

अशा वेळी उरलेल्या दिवसांचे प्रश्न व्यपगत होतात, म्हणजे आपोआप रद्द होतात. पुढच्या अधिवेशनात पुन्हा नोटीस, पुन्हा सोडत, पुन्हा नशीब. तोवर शेतात पुढचा हंगाम उभा. त्या शेतकऱ्यांपैकी एकाचा फोन आला, “ताई, आपल्या प्रश्नाचं काय झालं?” मी जे घडलं ते सांगितलं. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे विचारायचंच राहिलं.”

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “प्रश्न कितीही चांगला लिही, ज्या दिवशी सभागृहच भरलं नाही त्या दिवशी तो विचारायचा कुणाला?” त्याच बोलण्यातून खासगी विधेयकाचा विषय निघाला. मंत्री नसलेल्या कुठल्याही सदस्याला विधेयक आणता येतं, अगदी घटनादुरुस्तीचंही. आम्ही अनुच्छेद ८५ मध्ये दुरुस्ती सुचवायचं ठरवलं.

मसुद्याला हात घालण्यापूर्वी मी घटना समितीच्या चर्चा वाचायला घेतल्या. १९४९ च्या मे महिन्यात याच तरतुदीवर वाद झाला होता. प्राध्यापक के. टी. शहा यांचं म्हणणं होतं की संसद वर्षभर चालावी, मध्ये फक्त सुट्ट्या असाव्यात, आणि विशिष्ट परिस्थितीत सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांनाही, म्हणजे लोकसभेच्या अध्यक्षांना आणि राज्यसभेच्या सभापतींना, अधिवेशन बोलावता यावं. डॉ. आंबेडकरांनी ते मान्य केलं नाही. इंग्रजांच्या काळात कायदेमंडळाला नावापुरतं बोलावून वाटेला लावलं जाई, पण नव्या संविधानाखाली कुठलंही सरकार कायदेमंडळाशी इतक्या बेपर्वाईनं वागू शकणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. उलट अधिवेशनं इतकी वरचेवर आणि इतकी लांब होतील की सदस्यच कंटाळतील, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली.

हे वाचताना मी बराच वेळ त्याच पानावर थांबले. बाबासाहेबांचा अंदाज निराधार नव्हता. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. त्या काळाकडे बघितलं तर त्यांचं म्हणणं पटतं. पण सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत बैठका झाल्या २७४. २०२० मध्ये तर वर्षभरात ३३ दिवस. त्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशन २३ मार्चला थांबलं आणि पावसाळी अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झालं. सहा महिन्यांच्या मर्यादेला जेमतेम नऊ दिवस उरले होते. महासाथ होती हे खरं. पण त्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता आणि हिवाळी अधिवेशन भरलंच नाही. देश टाळेबंदीतून जात असताना, सरकारी आदेशांवर माणसांचं येणं-जाणं आणि पोट अवलंबून असताना, विचारपूस जास्त व्हायला हवी होती.

मूळ संविधानात ‘वर्षातून किमान दोनदा’ अशी अट होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ती काढली. कारण तांत्रिक होतं: एकच अधिवेशन वर्षभर लांबलं, तर संसद ‘दोनदा बोलावली’ असं म्हणता येईल का, अशी अडचण होती. म्हणजे अट काढली ती संसद जास्त चालते म्हणून! पुढे १९५५ मध्ये लोकसभेच्या एका समितीनं ठरावीक वेळापत्रक सुचवलं: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांच्या कायमच्या तारखा. ते अमलात आलं नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या संविधान आढावा आयोगानं २००२ मध्ये लोकसभेसाठी किमान १२० आणि राज्यसभेसाठी किमान १०० दिवस सुचवले. तेही कागदावरच राहिलं. आमच्या आधीही काही सदस्यांनी याच आकड्यांची खासगी विधेयकं आणली होती. आम्ही नवीन काही शोधून काढत होतो असा आव आणण्यात अर्थ नव्हता.

याच १२० आणि १०० दिवसांची सक्ती घालणारा पहिला मसुदा घेऊन मी एका निवृत्त विधी अधिकाऱ्यांकडे गेले. आयुष्यभर कायद्यांचे मसुदे लिहिलेला माणूस. मी त्यांना सर म्हणायचे. त्यांनी पेन्सिलनं एकेक ओळ वाचली आणि विचारलं, “दहा मिनिटांत तहकूब झालेला दिवस तुम्ही १२० मध्ये मोजणार का?”

या एका प्रश्नावर आमच्या किती संध्याकाळी गेल्या ते सांगता येणार नाही. असे दिवस मोजले तर सरकार रिकाम्या बैठकांनी आकडा पूर्ण करील. किमान चार तास कामकाज झालेला दिवसच मोजायचा ठरवलं, तर विरोधक गोंधळ घालून दिवस वाया घालवतील आणि मग ‘सरकारनं संख्या भरली नाही’ असं म्हणायला मोकळे होतील. सभागृहाच्या गॅलरीत बसून मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. हौद्यात उतरून फलक फडकवणारे सदस्य पाहिले आणि त्या गोंधळातच विधेयकं मिनिटा-दोन मिनिटांत आवाजी मतदानानं मंजूर करून घेणारे मंत्रीही पाहिले. वेळ वाया घालवण्यात कुणीच मागे नव्हतं. शेवटी आम्ही सरळ दिवस मोजायचे ठरवलं आणि तासांचा विषय सभागृहाच्या नियमांवर सोडला. सरांचं म्हणणं असं की संविधानात घड्याळ घालू नये. मी ते मानलं, पण मनापासून पटलेलं नाही, अजूनही.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “आणि सरकारनं १२० दिवस भरवले नाहीत तर?”

न्यायालयात जायचं तर अनुच्छेद १२२ आडवा येतो. संसदेच्या कामकाजात कार्यपद्धतीची अनियमितता दाखवून न्यायालयाला चौकशी करता येत नाही. अधिवेशन बोलावणं हा ‘कामकाजा’चाच भाग का, यावर वाद घालता येईल, पण तो वाद निकाली निघेपर्यंत वर्ष संपेल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ११ न्यायाधीशांच्या एकमतानं संसदेची स्थगिती बेकायदा ठरवली, हे मी उत्साहानं सांगितलं. सर म्हणाले, “तो निकाल एका विशिष्ट स्थगितीवरचा आहे. तुम्हाला रोज लागू होणारी तरतूद हवी आहे. कोर्टात न जाता चालणारी.”

ती तरतूद सापडली अनुच्छेद १२३ मध्ये, अध्यादेशांत, म्हणजे संसदेशिवाय काढलेल्या तात्पुरत्या कायद्यांत. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन एकाच वेळी चालू नसेल तेव्हा राष्ट्रपती, म्हणजे पर्यायानं मंत्रिमंडळ, अध्यादेश काढू शकतं. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. संसद जितके कमी दिवस भरते तितकी अध्यादेशाला मोकळीक जास्त. या अधिकाराचा वापर कुठवर जाऊ शकतो हे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ डॉ. डी. सी. वाधवा यांनी शोधून काढलं होतं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे न आणता पुनःपुन्हा काढले गेले, काही तर दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवले गेले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये याला संविधानाशी केलेली लबाडी म्हटलं. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं अध्यादेश पुन्हा काढण्याच्या प्रथेवर आणखी कडक निकाल दिला. एका संशोधकानं राजपत्रांचे गठ्ठे उपसून केलेलं हे काम माझ्यासाठी या सगळ्या प्रवासातला मोठा आधार होता. जाब विचारण्याचं काम फक्त निवडून आलेल्यांनीच करायचं असतं असं नाही.

तर आमच्या मसुद्याचं कलम ३ असं झालं: मागच्या वर्षी किमान बैठका झाल्या नसतील, तर चालू वर्षात अध्यादेश काढता येणार नाही. शिक्षा नाही, दंड नाही, खटला नाही. संसदेला टाळायचं, तर संसदेशिवाय कायदा करण्याची सोयही सोडायची.

साहेबांनी लगेच विचारलं, “आणि युद्ध झालं तर? पूर आला तर?” त्यासाठी कलम ४ आलं. कुठल्याही सभागृहाच्या एक तृतीयांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर १४ दिवसांच्या आत त्या सभागृहाची बैठक बोलावणं पीठासीन अधिकाऱ्यावर बंधनकारक. संकटात संसद बाजूला ठेवावी लागते हे मला कधीच मान्य झालेलं नाही. १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना, आणीबाणी जाहीर झालेली असताना, हिवाळी अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला भरवलं गेलं आणि सदस्यांनी सरकारला त्याच सभागृहात कठोर प्रश्न विचारले. सैन्य सीमेवर लढत होतं आणि संसद बोलत होती. तेव्हा जमलं ते आता का जमू नये?

एक तृतीयांशाची कल्पना जर्मनीच्या मूलभूत कायद्यातली. तिथं एक तृतीयांश सदस्यांनी मागणी केली की संसदेच्या अध्यक्षांना बैठक बोलवावीच लागते. शेजारच्या देशांचंही मी टिपण केलं होतं. बांगलादेशच्या संविधानात दोन अधिवेशनांतलं अंतर जास्तीत जास्त ६० दिवसांचं. पाकिस्तानच्या संविधानात नॅशनल असेंब्लीच्या एक चतुर्थांश सदस्यांना अधिवेशन मागता येतं, सभापतींनी ते १४ दिवसांत बोलवायचं, आणि वर्षाला किमान १३० दिवस कामकाजाची अट. साहेबांनी त्या परिच्छेदावर काट मारली. “उद्देश आणि कारणांच्या निवेदनात पाकिस्तान नको. सगळी चर्चा तिकडंच जाईल. आपल्याकडच्या गोष्टी लिही.” मला वाईट वाटलं. ज्या देशात निवडून आलेली सरकारं वारंवार उलथवली गेली, त्या देशानं कागदावर का होईना ही अट घातली, यातून आपण काही शिकू शकलो असतो. पण ते बरोबर होते. सभागृह त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आपल्याकडची गोष्ट मला मतदारसंघात मिळाली. साहेबांचा दौरा होता, एका गावात बैठक चालली होती. साहेबांनी विधेयकाबद्दल सोप्या शब्दांत सांगितलं. पुढे बसलेल्या सरपंच बाई म्हणाल्या, “आम्हाला वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नाही घेतल्या तर आमचं पद जाऊ शकतं. दिल्लीत सभा नाही घेतली तर कुणाचं काय जातं?”

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात ही तरतूद आहे. मी तो कायदा वाचलेला होता, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. गावच्या सरपंचावर आपण कायद्यानं जे बंधन घातलं, ते देशाच्या मंत्रिमंडळावर घातलेलं नाही. परतीच्या गाडीतच मी निवेदनात तो मुद्दा घातला आणि यावेळी साहेबांनी एक अक्षरही काटलं नाही.

नोटिशीच्या कागदपत्रांबद्दल थोडं सांगते, कारण इथं बरेच उत्साही लोक अडतात. विधेयकाचा मजकूर, उद्देश आणि कारणांचं निवेदन, आणि सरकारी तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन (खर्चाचं टिपण), एवढं जोडून एक महिन्याची नोटीस द्यायची. घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक असेल तर ते मांडलं जाण्याआधी खासगी विधेयकांसाठीची समिती तपासते. आमच्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन लागणारच होतं. बैठका वाढल्या की सदस्यांचा दैनिक भत्ता वाढणार, कर्मचाऱ्यांचा खर्च वाढणार, आणि तो संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, होणार.

इथं अनुच्छेद ११७(३) येतो. संचित निधीतून खर्च होणार असेल, तर राष्ट्रपतींनी त्या विधेयकाच्या विचारार्थ शिफारस केल्याशिवाय सभागृह ते मंजूर करू शकत नाही. आणि राष्ट्रपती ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं करतात. म्हणजे संसद बोलावण्याचा सरकारचा एकाधिकार कमी करणारं विधेयक पुढं न्यायचं, तर त्यासाठी सरकारचीच संमती लागते. वित्तीय ज्ञापन टाइप करताना मला हे पहिल्यांदा नीट दिसलं. सरकारी पैशावर सरकारचं नियंत्रण असावं यामागचं तत्त्व मला मान्य आहे. नाहीतर प्रत्येक सदस्य लोकप्रिय खर्चाची विधेयकं आणील. पण संसद भरवण्याचा खर्च हा रस्त्या-पुलाच्या खर्चासारखा धरायचा का? माझ्या मते नाही. न्यायाधीशांचे पगार आपण संचित निधीवर थेट भारित ठेवले आहेत, म्हणजे त्यांवर संसदेत मतदान होत नाही, ते न्यायालयानं सरकारच्या मर्जीवर राहू नये म्हणून. तोच विचार संसदेच्या किमान बैठकांना लावायला काय हरकत आहे?

राज्यांच्या विधिमंडळांना हाच नियम लावायचा का, म्हणजे अनुच्छेद १७४ आणि २१३ लाही हात घालायचा का, यावर बोलणं झालं. गरज तर मोठी आहे. अनेक विधानसभा संसदेपेक्षाही कमी दिवस भरतात. पण प्रत्येक राज्याचा आकार आणि व्याप वेगळा, आणि किती दिवस भरायचं हे दिल्लीतून राज्यांना सांगणं साहेबांना रुचत नव्हतं. तो भाग सोडला.

नोटीस गेली. शुक्रवारच्या कामकाज पत्रिकेत नाव आलं. लोकसभेत खासगी सदस्यांच्या कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात, तेही एका शुक्रवारी विधेयकं आणि दुसऱ्या शुक्रवारी ठराव अशा आलटून-पालटून. दुपार झाली की मतदारसंघाच्या गाड्या-विमानं गाठण्यासाठी सदस्य निघायला लागतात. त्या दिवशी बाकं बरीच रिकामी होती. एकामागून एक नावं पुकारली जात होती. साहेब उभे राहिले आणि संविधानात आणखी सुधारणा करणारं विधेयक मांडण्याची अनुमती मागितली. आवाजी मतदान झालं. अनुमती मिळाली. “मी विधेयक मांडतो,” एवढं म्हणून ते बसले. घटनादुरुस्ती मंजूर करायला विशेष बहुमत लागतं, मांडायला साधं पुरतं. मिनिटभरात पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

मला मात्र तो मिनिट पुरला. पीक विम्याचा तो प्रश्न विचारायचा राहिल्यापासून डोक्यात घोळणारी गोष्ट आता छापील विधेयक होती, क्रमांकासह, लोकसभेच्या दप्तरी.

मांडलेलं विधेयक चर्चेला येणं हा वेगळा टप्पा. तिथं पुन्हा वर्गवारी, पुन्हा सोडत. चर्चा सुरू झालेलं एक विधेयक अनेक शुक्रवार खातं. सक्तीच्या मतदानावरच्या एका खासगी विधेयकाची चर्चा २०१९ ते २०२२ इतकी लांबली आणि शेवटी ते मागे घेतलं गेलं. सतराव्या लोकसभेत ७२९ खासगी विधेयकं मांडली गेली आणि चर्चा झाली फक्त दोनांवर. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. घटनादुरुस्तीचं एकही नाही.

मग एवढा खटाटोप कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. माझ्याकडे एक उत्तर असायचं: बॅरिस्टर नाथ पै. राजापूरचे खासदार. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९६७ मध्ये मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर विरोधी बाकावरच्या या माणसानं संसदेला तो अधिकार परत देणारं घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, सभागृहात त्यावर कस लावून चर्चा झाली. ते मंजूर झालं नाही आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. पण त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती आली, तिचा गाभा तोच होता. त्यांच्या विधेयकाच्या बाजूनं आणि विरोधात तेव्हा जे बोललं गेलं ते आजही वाचण्यासारखं आहे. मी स्वतः त्यांच्या विरोधकांशी जास्त सहमत आहे, पण एका खासगी सदस्याच्या विधेयकावर संसदेनं आपल्याच अधिकारांच्या सीमा तपासल्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आज तेवढे शुक्रवार कुणाच्या वाट्याला येतील?

आमच्या विधेयकाचं नाव सोडतीत निघालं नाही. सत्ताधारी बाजूच्या काही सदस्यांशी मी साहेबांच्या सांगण्यावरून बोलले होते. त्यांतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “बेटा, मुद्दा बरोबर आहे. आम्ही विरोधात होतो तेव्हा आम्हीही हेच मागत होतो.” ते ऐकून मी निराश झाले नाही. दोन्ही बाजूंना एकदा तरी पटलेली गोष्ट आहे, याची ती कबुली होती. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि प्रलंबित विधेयकांबरोबर आमचंही व्यपगत झालं. साहेब पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

आता मी त्याच मसुद्यावर राज्यसभेतल्या एका सदस्यांबरोबर काम करते आहे. राज्यसभा विसर्जित होत नाही, तिथं मांडलेलं विधेयक लोकसभेच्या निवडणुकीनं मरत नाही. नव्या मसुद्यातून १२० आणि १०० हे आकडे आम्ही काढले आहेत. आकडा आला की सगळे आकड्यावर भांडतात आणि किल्लीचा मुद्दा मागे पडतो. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही सभागृहांनी ठरावानं वर्षाचं वेळापत्रक मंजूर करायचं आणि ते बदलायचं तर पुन्हा सभागृहाचीच मंजुरी घ्यायची, अशी तरतूद केली आहे. एक तृतीयांश सदस्यांच्या मागणीचं कलम तसंच ठेवलं आहे. अध्यादेशाचं कलम आता वेळापत्रकाशी जोडलं आहे: मंजूर वेळापत्रकातल्या बैठका सरकारनं परस्पर रद्द केल्या, तर त्यानंतरचे सहा महिने अध्यादेश नाही. आणि सरांच्या आग्रहानं एक नवं पोटकलम घातलं आहे. अधिवेशन वेळापत्रकाआधी संपवलं गेलं, तरी त्या दिवसांसाठी निवडले गेलेले तारांकित प्रश्न व्यपगत होणार नाहीत. त्यांची उत्तरं तीस दिवसांत सदस्याला लेखी द्यावी लागतील आणि पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात त्यांवर पुरवणी प्रश्न विचारता येतील. हे पोटकलम संविधानात बसतं की सभागृहाच्या नियमांत, यावर सरांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते मिटलं की नोटीस जाईल.